पुस्तक अर्ध्यावर येऊन बसलंय. पुढे न्यायचं कसं?

अधुरी वही
बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

एक कादंबरी लिहितेय. दोन बहिणींची गोष्ट आहे, धाकटी सांगते. सुरुवात झरझर झाली. झोपायला गेलं की पुढचं वाक्य सुचायचं आणि उठून लिहून ठेवायचे. निम्मी झाली असेल नसेल, आणि गाडी बसली. आता फाइल उघडते, आधीचं वाचते, दोन विशेषणं काढते, त्यातलं एक परत घालते आणि फाइल बंद करते. नोकरी आहे, घर आहे, पण वेळ अजिबात मिळत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. रोज तासभर निघतो. तो निघतो आणि तसाच जातो.

ज्यांनी पुस्तक खरोखर पूर्ण केलंय (छापलंच असलं पाहिजे असं नाही), त्यांना विचारायचंय. हा मधला पट्टा तुम्ही कसा पार केला? प्रेरणा टिकवून, की नुसत्या शिस्तीवर? की दोन्ही नसताना झालं?

बोरूबहाद्दर
वा! माझ्या अर्धवट कादंबरीला मैत्रीण मिळाली. दोघींची ओळख करून देऊ या, एकमेकींच्या सोबतीने तरी पुऱ्या होतील.

पहाटपक्षी
माझं मत सरळ आहे: वेळ ठरवा, जागा ठरवा, बसा. अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा आणि पहाटे साडेपाचला टेबलाशी असायचा. समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. कामावर जाण्याआधी तीन तास. असं करून त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. रोज किती पानं झाली त्याची नोंदवही ठेवायचा. आळसात गेलेला दिवसही त्या वहीत दिसायचाच. एक कादंबरी संपली की दुसऱ्या दिवशी पुढची सुरू, असंही त्याने केलंय.

हे सगळं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली आलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, की हा लेखक आहे की कारकून! पण कारकुनाची पुस्तकं पूर्ण झाली ना?

मीही नोकरीच्या आधीच लिहितो. दोन पुस्तकं झाली. प्रेरणा वगैरे मला कधी भेटलेली नाही.

खोडरबर
पहाटपक्षी, त्याच ट्रोलपने हेही लिहिलंय की पहाटे उठवायला एक नोकर होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. स्वतःच्या यशातला काही वाटा त्या नोकराचा आहे असंही तो प्रामाणिकपणे म्हणतो. अधुरीताईंना उठवायला कोण आहे? ज्यांना स्वतःच उठून आधी दुसऱ्यांना उठवायचं असतं, त्यांच्यासाठी हा सल्ला अर्धाच आहे.

पहाटपक्षी
मुद्दा मान्य. पण त्यांनीच लिहिलंय की तास निघतो. मी त्या तासाबद्दल बोलतोय.

उतारा_क्रमांक_२
हिशोब करून बघा, जरा धीर येतो. रोज ३०० शब्द, आठवड्यातून पाचच दिवस, म्हणजे वर्षाला ७८,०००. बऱ्यापैकी जाड कादंबरी झाली. ३०० शब्द म्हणजे फार काही नाही, या धाग्यावर पहाटपक्षी यांनी शंभरेक तर आत्ताच लिहिलेत.

बोरूबहाद्दर
म्हणजे मी गेल्या काही वर्षांत इथल्या धाग्यांवर चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. कुणी प्रकाशक आहे का?

रात्रपाळी
मला हा शब्दांचा कोटा कधीच जमला नाही. कोटा आला की मी कोट्यासाठी लिहायला लागते. पात्रं उगाच खिडकीपाशी जातात, परत येतात, सुस्कारे टाकतात. शब्द भरतात आणि नंतर ते सगळं कापावं लागतं.

एक जुना उपक्रम आठवत असेल, नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्द लिहायचे. १९९९ साली एकवीस जणांनी सुरू केला आणि पुढे लाखो लोक त्यात उतरले. रोजचे १,६६७ शब्द पडायचे. मीही उतरले होते. महिनाअखेर शब्द पूर्ण झाले, पण हातात कादंबरी नव्हती, नुसते शब्द होते. ती संस्थाही २०२५ मध्ये बंद पडली.

माझा नियम वेळेचा आहे. ठरलेला वेळ बसायचं. लिहिलं तर लिहिलं, नाही तर नुसतं बसायचं. मात्र त्या वेळात दुसरं काहीही करायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत. वीसेक मिनिटांत इतका कंटाळा येतो की लिहिणं बरं वाटायला लागतं.

उतारा_क्रमांक_२
"पात्रं उगाच खिडकीपाशी जातात" हे वाचून माझं सहावं प्रकरण डोळ्यांसमोर आलं. कापतो आता.

तळटीप
मी कादंबरीवाला नाही, विज्ञानाच्या इतिहासावर लिहितो. पण मधल्या पट्ट्याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि काही सहकारी मिळून इस्रायलमधल्या शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक लिहीत होते. विषय काय, तर माणसं निर्णय कसे घेतात! वर्षभर काम झाल्यावर त्यांनी प्रत्येकाला चिठ्ठीवर अंदाज लिहायला सांगितला की अजून किती लागेल. सगळ्यांचे अंदाज साधारण दीड ते अडीच वर्षांत होते. मग कानेमन यांनी गटातल्या अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारलं, तुम्ही असे इतर गट पाहिलेत, त्यांचं काय झालं? ते गृहस्थ ओशाळले. म्हणाले, चाळीसेक टक्के गटांनी काम पूर्णच केलं नाही आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. गंमत म्हणजे या गृहस्थांच्या स्वतःच्या चिठ्ठीतही बाकीच्यांसारखाच अंदाज होता. माहिती डोक्यात होती, पण स्वतःच्या पुस्तकाला ती लागू करावी असं सुचलं नाही.

हे ऐकून त्यांनी काय केलं? काही नाही. काम तसंच चालू ठेवलं. पुस्तक आठ वर्षांनी झालं, तोवर शिक्षण खात्याचा उत्साह मावळला होता आणि ते कधी वापरलंच गेलं नाही.

१९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५. सगळं बिघडलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं. त्याचं उत्तर साधारण ४९ दिवस. म्हणजे वाईटात वाईट कल्पनेपेक्षाही जास्तच लागले.

हे सांगायचं कारण असं की "मी मागे पडलेय" ही जी भावना असते, ती कशाच्या मागे? आपणच काढलेल्या एका तारखेच्या. ती तारीखच बहुतेक वेळा हवेतली असते. अमेरिकन चरित्रकार रॉबर्ट कॅरो यांना वाटलं होतं पहिलं पुस्तक नऊ महिन्यांत होईल. लागली सात वर्षं, १९७४ साली आलं. मधल्या काळात ते ग्रंथालयातल्या लेखकांच्या खोलीत बसायचे. तिथे एका ज्येष्ठ लेखकाने विचारलं, किती वर्षं चाललंय? हे संकोचून म्हणाले, पाच. तो म्हणाला, त्यात काय, माझं वॉशिंग्टनचं चरित्र नऊ वर्षं चाललंय. कॅरो यांनी लिहिलंय की तेवढ्या एका वाक्याने त्यांच्या मनावरचं पाच वर्षांचं ओझं उतरलं.

अधुरी वही
तळटीप, हे वाचून खरंच हलकं वाटलं. पण भीतीही वाटली. त्या चाळीस टक्क्यांत मी नसेन कशावरून?

शाईचा_डाग
चाळीस टक्क्यांत असलात तरी आभाळ कोसळणार नाही. कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो: काही पुस्तकं सोडून द्यायची असतात. मी एक सोडलं. चार वर्षं ओढत होतो. सोडल्यावर तीन महिन्यांत दुसरं सुरू झालं आणि ते पूर्ण झालं. "पूर्ण केलंच पाहिजे" हा हट्ट कुठून येतो? तुम्हाला कुणी नेमलेलं नाही.

पहाटपक्षी
शाईचा डाग, हे धोकादायक आहे. अर्ध्यावर प्रत्येकालाच वाटतं की हे सोडून दुसरं करावं. दुसरं नेहमीच सुंदर दिसतं, कारण ते अजून लिहिलेलं नसतं. त्याच्याही अर्ध्यावर हेच होणार.

शाईचा_डाग
झालं नाही ना पण.

पहाटपक्षी
तुमचं नाही झालं. बोरूबहाद्दर यांना विचारा.

बोरूबहाद्दर
मला कशाला मध्ये ओढता! पण हो, सात सुरुवाती आहेत. एकाहून एक झकास. शेवट शून्य. कुणाला पहिली प्रकरणं हवी असतील तर व्यनि (वैयक्तिक निरोप) करा.

मीनाक्षी_लिहिते
व्यावहारिक सूचना, मला उपयोगी पडलेल्या:

आदल्या दिवशी जिथे मजा येतेय तिथेच थांबायचं. हेमिंग्वेने हे सांगितलंय, की पुढे काय होणार ते माहीत असतानाच उठावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोरी पाटी समोर येत नाही. मी तर वाक्य अर्ध्यात तोडून उठते.

माहिती अडली तर शोधायला जायचं नाही. चौकटी कंसात [तपासणे] लिहून पुढे. माझ्या पहिल्या खर्ड्यात असे कंस इतके होते की नवऱ्याला वाटलं तेच पुस्तकाचं नाव आहे.

आणि आधीचं वाचायचं नाही. फार तर शेवटचं एक पान. तुम्ही म्हणताय ती विशेषणं काढायची-घालायची खोड यानेच सुटेल. मी मागची प्रकरणं वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून त्याला "हात लावू नये" असं नाव दिलं होतं.

खोडरबर
मीनाक्षीताई, तिसऱ्याबद्दल असहमत. ट्रोलप बसल्यावर पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा. कानात सूर यावा म्हणून. वाचणं आणि दुरुस्त करणं यात फरक आहे. हातात पेन न घेता वाचा.

मीनाक्षी_लिहिते
हातात पेन न घेता वाचणारा लेखक दाखवा, मी त्याचा सत्कार करीन.

नवा_खर्डा
रोज लिहिलंच पाहिजे का? एक दिवस चुकला की मला इतकं अपराधी वाटतं की पुढचा आठवडा चुकतो. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, माझे २१ दिवस कधी सलग होतच नाहीत.

तळटीप
नवा खर्डा, ते २१ विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तुमच्या कामाचा भाग पुढे आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. अर्थात त्या सवयी पाणी पिणं, चालायला जाणं अशा होत्या. कादंबरीचं तेरावं प्रकरण हे पाणी पिण्याइतकं सोपं नाही, हे लक्षात ठेवून आकडे घ्या.

रात्रपाळी
एक दिवस चुकला तर चुकला, दोन सलग चुकवायचे नाहीत एवढंच मी पाळते. तेही आजारपणात नाही.

दप्तर
माझं निरीक्षण: आपल्याकडची किती तरी पुस्तकं तुरुंगात पूर्ण झालीत. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहून काढलं, तेही पेन्सिलीने. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत. तेव्हा अधुरीताई, मार्ग स्पष्ट आहे.

बोरूबहाद्दर
कुठला गुन्हा सुचवाल? फार लांबची शिक्षा नको, माझी लघुकादंबरी आहे.

शाईचा_डाग
हसण्यावारी नेऊ नका, त्यात एक गोष्ट आहे. टिळकांच्या डोक्यात गीतेचा विचार त्याआधी कित्येक वर्षं चालला होता. गुरुजींच्या आईच्या आठवणी तर जन्मभराच्या. लिहायला दिवस थोडे लागले कारण काय लिहायचं ते ठरलेलं होतं.

दप्तर
आणि भेटायला येणारे कमी होते.

मीनाक्षी_लिहिते
अवांतर: सगळ्यांनी बॅकअप घेतलाय ना? इतिहासकार कार्लाइलने फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या पुस्तकाच्या पहिल्या खंडाचं एकमेव हस्तलिखित मित्राला, जॉन स्टुअर्ट मिलला, वाचायला दिलं. १८३५ मध्ये ते मिलकडे असताना जळालं. मोलकरणीने रद्दी समजून जाळलं असं सांगतात. बिचाऱ्याने पुन्हा लिहिलं, १८३७ साली छापलं.

उतारा_क्रमांक_२
हेमिंग्वेचीही बॅग १९२२ मध्ये पॅरिसच्या स्टेशनवरून चोरीला गेली. त्याची बायको घेऊन चालली होती. मूळ प्रती गेल्याच, कार्बन प्रतीही त्याच बॅगेत होत्या. म्हणजे बॅकअप होता, पण त्याच लॅपटॉपवर.

तळटीप
आणि टी. ई. लॉरेन्सने १९१९ मध्ये रेडिंग स्टेशनवर हस्तलिखित हरवलं. स्टेशनं आणि हस्तलिखितं यांचं वैरच दिसतंय.

बोरूबहाद्दर
माझी सात पहिली प्रकरणं मी मुद्दाम स्टेशनवर ठेवून आलो होतो. कुणीतरी पत्ता शोधून परत आणून दिली.

खोडरबर
हाहाहा. पण धागा भरकटला. अधुरीताई, एक विचारू का? तुम्ही म्हणालात सुरुवात झरझर झाली आणि निम्म्यात थांबली. नेमकं कुठे थांबली? म्हणजे गोष्टीत काय चाललेलं असताना?

विचारतोय कारण इथे सगळे तुमच्या शिस्तीवर उपाय सांगतायत, मीही. पण तुम्ही रोज बसताय. रोज फाइल उघडताय. शिस्त नसलेलं माणूस फाइल उघडत नाही. मी संपादनाचं काम करतो आणि मला असे बरेच लेखक भेटतात जे सांगतात "माझ्यात चिकाटी नाही". आठ-दहा प्रश्न विचारले की कळतं, पुस्तकात एक निर्णय राहिलाय. तो टाळत ते विशेषणं घासत असतात.

अधुरी वही
खोडरबर, हा प्रश्न वाचून मी काल उत्तर लिहायला बसले आणि पुसलं. आज लिहिते.

मोठी बहीण घर सोडून जाते. का गेली ते घरात कुणी बोलत नाही. कादंबरी थांबलीय ती मोठी परत येते त्या प्रसंगाच्या आधी. आता धाकटीला कारण आधीपासून माहीत होतं की नव्हतं, हे मी ठरवलेलं नाही. सुरुवातीला ठरवायची गरज पडली नाही, कारण धाकटी लहान होती. आता ती पंचवीसची आहे. माहीत होतं असं धरलं, तर पहिल्या भागात ती वाचकांपासून लपवत होती असा अर्थ होतो आणि ती मला आवडेनाशी होते. माहीत नव्हतं असं धरलं, तर ती जरा मूर्ख वाटते.

दोन्ही नको म्हणून मी विशेषणं काढतेय.

रात्रपाळी
सापडलं!

खोडरबर
मग ती आवडेनाशी होऊ द्या. लपवणारी निवेदक मला तरी जास्त वाचावीशी वाटते. पण हे माझं मत, पुस्तक तुमचं.

मीनाक्षी_लिहिते
मला तिसरी शक्यता दिसते. तिला माहीत होतं, पण जे माहीत होतं ते चूक होतं. लहानपणी दाराआडून ऐकलेलं अर्धं.

पहाटपक्षी
खोडरबर, हे या एका उदाहरणात बसतंय म्हणून सगळीकडे लावू नका. मला माझ्या दोन्ही पुस्तकांत शेवटपर्यंत सगळं ठरलेलं होतं, आराखडा भिंतीवर होता, तरी मधले महिने कंटाळ्याचे गेले. कंटाळा हा कंटाळाच असतो, दर वेळी त्याच्या पोटात रहस्य नसतं. तिथे घड्याळच कामी आलं.

खोडरबर
बरोबर. म्हणून आधी विचारायचं की पुढचा प्रसंग काय आहे. उत्तर पटकन आलं तर घड्याळ लावा. उत्तराऐवजी सुस्कारा आला तर घड्याळ लावून उपयोग नाही, तासभर सुस्कारेच येतील.

तळटीप
कॅरो शेवटचं वाक्य आधी लिहितात आणि मग त्या दिशेने पुस्तक नेतात. जॉन आयर्विंगही कादंबरीचं शेवटचं वाक्य मिळाल्याशिवाय सुरुवात करत नाहीत. अधुरीताई, शेवटी दोघी बहिणी कुठे आहेत हे माहीत आहे का तुम्हाला?

अधुरी वही
हो, ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दोघी एकाच खोलीत आहेत आणि धाकटी पहिल्यांदा खोटं बोलते. पहिल्यांदा असं मी म्हणत होते खरं, पण मीनाक्षीताईंचं वाचल्यापासून वाटतंय की ती दुसरी वेळ असेल.

मधला भाग सोडून तो प्रसंग आधी लिहिते. तेवढ्यापुरतं धाकटीला चुकीचं माहीत होतं असं धरून. नाही जमलं तर मागे येईन.

रात्रपाळी
मी असं शेवट आधी लिहून फसलेय. तिथपर्यंत पोहोचेतो पात्रं इतकी बदलली की तो शेवट त्यांना बसेना.

अधुरी वही
चालेल. निदान तो टाकून द्यायला तरी काहीतरी असेल. आत्ता तेही नाही.

शाईचा_डाग
आणि कुणाला सांगू नका तिकडे काय ठरलं ते. आम्हालाही. सांगून झालं की लिहायची खुमखुमी जाते.

मीनाक्षी_लिहिते
आम्हाला सांगितलं नाही तर मी इथे रोज येऊन विचारणार. दोन्ही प्रकारची माणसं असतात.

नवा_खर्डा
इतक्या चर्चेत एक विचारायचं राहिलं. माझी कादंबरी नाही, आजोबांच्या पत्रांवरचं पुस्तक आहे. शेवट माहीत आहे, कारण ते वारले. निर्णय काही राहिलेला नाही, पत्रं क्रमाने लावलेली आहेत. तरी होत नाही. यात टाळतोय ते काय असेल?

खोडरबर
वेगळा धागा काढा. पण आधी हे सांगा, पत्रांमधलं एखादं पत्र पुस्तकात घ्यायचं की नाही हे अजून ठरत नाहीये का?

नवा_खर्डा
काढतो धागा.